दुर्वासाचा शाप आणि सुधाकराचा प्याला : शोकांतिकेतील दैव आणि आततायीपणा

१

शोकांतिकेच्या नायकाचा नाश दैव करते की त्याचा स्वभाव, हा नाट्यसमीक्षेतील फार जुना प्रश्न आहे. त्याचे एक ठराविक उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकांतून स्थिरावले आहे : ग्रीक शोकांतिका दैवाची, शेक्सपिअरची शोकांतिका स्वभावाची. ही वाटणी अध्यापनाला सोयीची असली तरी तिच्यात दोन उणिवा राहतात. पहिली अशी की ‘स्वभाव’ ही संज्ञा अतिव्याप्त आहे. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा आणि रोमिओचा आवेग या दोहोंना ‘स्वभावदोष’ म्हटल्याने दोहोंतील भेद पुसला जातो. दुसरी उणीव आपल्याला अधिक जवळची आहे. या वाटणीत मराठी शोकांतिकेला जागाच उरत नाही. ती एकतर शेक्सपिअरच्या पदरी टाकली जाते किंवा उपदेशपर नाटकांच्या रांगेत बसवली जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय ‘स्वभाव’ इतका व्यापक नाही. थांबणे शक्य असताना न थांबता, चौकशी शक्य असताना ती न करता, आवेगाच्या भरात केलेली कृती एवढाच तो आहे. अशा कृतीला मराठीत ‘आततायीपणा’ असा नेमका शब्द आहे, आणि त्याचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात ‘आततायी’ म्हणजे धनुष्य ताणून मारावयास आलेला. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन धावून येणारा अशांची गणना स्मृतिग्रंथ आततायींत करतात. मराठीत मात्र तो शब्द गुन्ह्यावरून स्वभावावर आला. ज्याला धीर नाही तो आततायी. उलट ‘साहस’ या शब्दाचा प्रवास दुसऱ्या दिशेने झाला. धर्मशास्त्रात बळजबरीच्या अपराधांना ‘साहस’ म्हणत आणि काव्यात अविचाराने केलेल्या कृतीला. मराठीत तो कौतुकाचा शब्द झाला. म्हणजे एकाच प्रकारच्या कृतीसाठी आपल्या भाषेत एक निंदेचा आणि एक स्तुतीचा शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत. शोकांतिकेचा नायक नेमका या दोन शब्दांच्या मधल्या जागेत उभा असतो. त्याला थोर ठरवणारी आणि त्याचा घात करणारी शक्ती बहुधा एकच असते.

येथे मांडावयाचे प्रतिपादन असे : शोकांतिकेत दैव परिस्थिती पुरवते, अनर्थ मात्र नायकाचा आततायीपणा घडवतो. आणि जेथे नाटककाराला किंवा प्रेक्षकाला नायकाला वाचवावेसे वाटते, तेथे हा आततायीपणा नायकाकडून काढून शाप, ग्रहतारे, दारू अशा एखाद्या बाहेरच्या शक्तीकडे सोपवला जातो. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चे आपण केलेले वाचन हे या हस्तांतराचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण आहे.

२

नाटककाराला अनर्थाचे कारण कोठे दिसते हे ठरवण्याचा एक विश्वसनीय मार्ग आहे. त्याने मूळ कथेत काय बदलले ते पाहावे.

महाभारतातील शकुंतलोपाख्यानात शाप नाही. तेथील दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर, लोकापवादाच्या भीतीने आपण तसे केले असे तो सांगतो. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. परिणामी राजाचा नकार हा अपराध न राहता विस्मरण झाले. या बदलाची चर्चा बहुधा नायकाच्या धीरोदात्ततेच्या रक्षणापुरती होते. परंतु एक गोष्ट नजरेतून सुटते. या कथेतून आततायीपणा नाहीसा झालेला नाही. त्याने केवळ धनी बदलला आहे. क्षणभर थांबून, ही मुलगी अशी भान हरपून का बसली आहे, एवढेही न विचारता शाप देऊन चालता होणारा दुर्वास हा त्या नाटकातील सर्वांत उतावळा पुरुष आहे. नायकाचा दोष ऋषीकडे गेला, ऋषीचा क्रोध शापाच्या रूपाने दैव झाला, आणि नाटक पुनर्मीलनाकडे जाण्यास मोकळे झाले.

शेक्सपिअरने याच्या उलट केले. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा मुख्य आधार म्हणजे आर्थर ब्रुकचे १५६२ मधील दीर्घ काव्य. ब्रुकच्या कथेचा काळ सुमारे नऊ महिन्यांचा आहे. शेक्सपिअरने तो चार-पाच दिवसांवर आणला. हे केवळ रंगमंचाच्या सोयीसाठी झाले असे म्हणता येत नाही, कारण नाटकाची सगळी यंत्रणा या घाईवर उभी आहे. आज भेट, उद्या विवाह. विवाहानंतर काही तासांत मर्क्युशिओच्या मृत्यूने पेटून उठलेला रोमिओ टिबल्टला मारतो. ज्युलिएटचा बाप ठरलेले लग्न आणखी एक दिवस अलीकडे ओढतो. प्रारंभीच प्रेमिकांच्या ग्रहदशेचा उल्लेख येतो आणि पुढे साथीच्या संशयाने धर्मगुरूचा निरोप अडकून पडतो, यावरून अनेकांनी हे नाटक दैवाच्या खात्यावर मांडले. परंतु अडकलेल्या पत्राने फक्त गैरसमज निर्माण होतो. मृत्यू ओढवतो तो, वार्ता कानी पडताच कोणालाही काही न विचारता विष विकत घेणाऱ्या रोमिओमुळे. थोडा वेळ थांबला असता तर ज्युलिएट जागी झालेली त्याला दिसली असती. नऊ महिन्यांच्या कथेत हा थोडा वेळ इतका निर्णायक झाला नसता. काळाचा संकोच करून शेक्सपिअरने आवेगालाच कथानकाचे इंधन केले आहे.

‘ऑथेल्लो’चे मूळ १५६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिंथिओच्या इटालियन कथासंग्रहात आहे. तेथील मूर आपल्या साथीदाराशी संगनमत करून पत्नीचा खून घडवतो, तो अपघात भासावा अशी व्यवस्था करतो आणि पुढे तिच्या नातलगांकडून मारला जातो. म्हणजे मूळ कथेत थंड डोक्याचा कट आहे. शेक्सपिअरने तो काढून टाकला. त्याचा ऑथेल्लो एकाच प्रवेशात विश्वासाकडून सूडाच्या शपथेपर्यंत पोहोचतो, कॅशिओला एकदाही समोर बसवून विचारीत नाही, आणि सत्य कळल्यावर तितक्याच तातडीने स्वतःला शिक्षा देतो. थंड डोक्याचा खुनी शोकनायक होऊ शकत नाही, आततायी माणूस होऊ शकतो, असा निष्कर्ष या बदलातून निघतो.

३

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. शेक्सपिअरचे ठीक, पण ईडिपसचे काय? त्याच्या जन्मापूर्वीच भविष्य वर्तवले गेले होते. तेथे आततायीपणाला वाव कोठे?

ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात नायकाच्या पतनाचे कारण म्हणून ‘हॅमर्शिया’ ही संज्ञा वापरली. तिचे ‘स्वभावदोष’ हे भाषांतर दीर्घकाळ रूढ होते. ई. आर. डॉड्स यांनी १९६६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याला हरकत घेतली. ही संज्ञा नैतिक दोषाची नसून अज्ञानातून झालेल्या चुकीची आहे, आणि ईडिपसच्या तामसीपणात त्याच्या पापाचे मूळ शोधणे नाटकाला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे. हे मान्य करावयास हवे. पित्याला मारशील असे डेल्फी येथे नुकतेच ऐकून आलेला तरुण तिवाठ्यावर एका वडीलधाऱ्या माणसावर हात उचलतो, याची आठवण करून देता येते. पण तेवढ्याने पितृहत्येचे भविष्य टळले असते असे म्हणता येत नाही.

मात्र डॉड्स यांनीच त्या निबंधात दुसरीही गोष्ट सांगितली आहे, आणि ती आपल्या मुद्द्याला अधिक उपकारक आहे. पितृहत्या आणि मातृविवाह या दैवनियत घटना नाटकाच्या आरंभापूर्वीच घडून गेल्या आहेत. रंगमंचावर जे घडते ते सत्याचे उघडकीस येणे, आणि ते कोणत्याही भविष्यवाणीने बांधलेले नाही. ते ईडिपसने स्वतः घडवलेले आहे. खुन्याला शाप देण्याची घाई त्याची, टायरेसिअसवर आणि क्रेऑनवर कटाचा आरोप करण्याची घाई त्याची. योकास्टा आणि मेंढपाळ थांबवू पाहत असता न थांबणे हेही त्याचेच. तीच तल्लख, अधीर बुद्धी स्फिंक्सचे कोडे सोडवून त्याला राजा करून गेली होती. म्हणून ईडिपसच्या बाबतीतही दैवाचे आणि नायकाचे क्षेत्र वेगळे करता येते. दैवाने त्याला अपराधी केले. शोकांतिकेचा नायक तो स्वतःच्या अधीरतेने झाला. येथे ती अधीरता दोष आहे की सत्यनिष्ठा, हे ठरवता येत नाही, आणि तसे ठरवता न येणे हेच त्या नाटकाचे सामर्थ्य आहे.

४

मराठी रंगभूमीवर या दोन परंपरा विलक्षण जवळजवळ अवतरल्या. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याला आगरकरांनी नाव दिले ‘विकारविलसित’. एका नाटकात शापाने नायकाला दोषमुक्त केले होते. दुसऱ्याचे नावच सांगत होते की येथे जो खेळ चालला आहे तो विकारांचा आहे.

हे नामकरण केवळ शब्दचमत्कृती नव्हे. ‘हॅम्लेट’मध्ये पिशाच्च आहे, सूडाची आज्ञा आहे, दैवाला सूचित करणारे एखादे शीर्षक सहज देता आले असते. मनुष्याच्या सुखदुःखाची कारणे पूर्वकर्मात शोधू नयेत, विवेकाने पाहावीत, असा आग्रह धरणाऱ्या विचारवंताने ‘विकार’ हा शब्द निवडला, याला अर्थ आहे. हॅम्लेट दिरंगाईसाठी प्रसिद्ध असला तरी त्याच्या नाटकातील अनर्थांची साखळी सुरू होते ती दिरंगाईने नव्हे. पडद्याआड कोण आहे हे न पाहता त्याने तलवार खुपसली आणि पोलोनिअस मेला. ऑफिलियाचे वेड, लेअर्टिसचा सूड आणि अखेरचे द्वंद्व या सर्वांचा उगम त्या एका क्षणात आहे.

‘ऑथेल्लो’ मराठीत त्याआधीच आले होते. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर १८९० चे. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ते गाजवले. मूळच्या परकीय मूराला येथे मराठी नाव आणि मराठी सरदाराचा बाज मिळाला, आणि प्रेक्षकांना आपल्या ओळखीच्या ‘मानी आणि तापट’ वीराच्या रूपात हा विकार दिसला. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ या दोहोंची छाया घेऊन शनिवारवाड्यातील १७९५ ची घटना रंगवली. तेथेही अनर्थ येतो तो तरुण पेशव्याच्या मनात पेरल्या गेलेल्या संशयातून. इतिहासातील एक वादग्रस्त मृत्यू विकाराच्या भाषेत समजावून घेण्याचा हा प्रयत्न होता.

५

‘एकच प्याला’मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले; त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. तेव्हापासून त्याची ओळख मद्यपाननिषेधाचे नाटक अशी आहे, आणि शीर्षकच त्या ओळखीला बळ देते. पहिला प्याला घेतला की सुटका नाही, हे त्याचे सूत्र मानले जाते.

परंतु कथानकाचा क्रम नीट पाहिला तर अनर्थाचा आरंभ प्याल्यात नाही. सुधाकर हा हलाखीतून बुद्धीच्या बळावर वर आलेला वकील आहे. त्याचा मानीपणा हा त्याच्या उत्कर्षाचा पाया. त्याच मानीपणापायी तो कोर्टात नव्या मुन्सफाशी तडकतो आणि त्याची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, हा तडाखेबंद अविचार सुधाकर पूर्ण शुद्धीवर असताना करतो. दारूचा थेंबही अद्याप त्याच्या पोटात गेलेला नाही. दुसरी, शिक्षा सहा महिन्यांची आहे. ती जन्माची नाही. घरात सिंधूसारखी पत्नी आहे, तिचे माहेर संपन्न आहे, स्वतःची बुद्धी शाबूत आहे. सहा महिने थांबणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते, आणि नेमके तेवढेच त्याला अशक्य होते. अपमानाचे दुःख ताबडतोब नाहीसे झाले पाहिजे, ही त्याची मागणी असते. तळीराम तिच्यासमोर प्याला धरतो. तळीराम मोह घालतो, परंतु त्या मोहाला आवश्यक असलेली घाई सुधाकराची स्वतःची आहे. रोमिओला जसा औषधविक्या, तसा सुधाकराला तळीराम.

हाच स्वभाव पुढे वारंवार प्रकटतो. सासरची मदत म्हणजे अपमान, असे ठरवून तो सिंधूला माहेरच्या पैशाला न शिवण्याच्या शपथेत अडकवतो, आणि संकटातून बाहेर पडण्याची एक वाट आपल्या हाताने बुजवतो. मध्यंतरी तो दारू सोडतोही. नोकरीसाठी जुन्या ओळखीच्यांकडे जातो, त्यांच्याकडून अवहेलना होते, आणि त्या नव्या अपमानाच्या पाठोपाठ तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रत्येक वेळी क्रम तोच आहे : अपमान, असह्य क्षण, तत्काळ उपाय. शेवटी त्याच्या हातून होणाऱ्या मारहाणीत तान्हे मूल जाते, सिंधू जाते, आणि तो स्वतः विषाचा प्याला घेतो. ही शेवटची कृतीही त्याच क्रमात बसते. पश्चात्तापातही तो थांबू शकत नाही.

व्यसनाधीनता हा आजार आहे आणि व्यसनी माणसाची इच्छाशक्ती आपल्याला वाटते तितकी स्वतंत्र नसते, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. वरील विवेचनाने ते नाकारले जात नाही. दारूने सुधाकराचा आवेग शतगुणित केला, हे नाटकात स्पष्ट दिसते. प्रश्न आहे तो नाट्यात्म कार्यकारणाचा : गडकऱ्यांनी प्याल्यापूर्वी कोर्टाचा प्रसंग का योजला? निव्वळ दारूचे दुष्परिणाम दाखवावयाचे असते, तर एखाद्या शांत, सुखवस्तू गृहस्थाला संगतीने व्यसन लागलेले दाखवणे अधिक परिणामकारक झाले असते. उपदेशाला तोच नायक सोयीचा. गडकऱ्यांनी तापट आणि मानी नायक निवडला, कारण त्यांना शोकांतिका लिहावयाची होती.

मग हे नाटक प्याल्याच्या खात्यावर का जमा झाले? त्याचे एक कारण नाटकातच आहे. दारू एकदा लागली की सुटत नाही, हा सिद्धान्त विस्ताराने मांडणारे प्रभावी भाषण गडकऱ्यांनी सुधाकराच्याच तोंडी घातले आहे, आणि वाचकांनी ते लेखकाचे मत म्हणून स्वीकारले. वास्तविक ते पात्राचे भाषण आहे. आपल्या हातून गेलेल्या सूत्रांना बुडणारा माणूस दिलेले ते नाव आहे. ‘पहिला प्याला’ हा त्या भाषणात शापासारखा येतो. एकदा उच्चारला गेला की परत न घेता येणारा, पुढचे सर्व ठरवून टाकणारा असा तो आहे. दुर्वासाच्या शापाने दुष्यंतासाठी जे केले तेच हा सिद्धान्त सुधाकरासाठी करतो. आततायीपणा नायकाच्या हातून निघून पेल्यात जातो, आणि पेला दैव होतो. फरक एवढाच की कालिदासाने हे हस्तांतर स्वतः केले होते. ‘एकच प्याला’च्या बाबतीत ते नायकाने सुरू केले आणि आपण प्रेक्षक-समीक्षकांनी पूर्ण केले.

६

या वाचनभेदाला केवळ पारिभाषिक महत्त्व आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही, कारण त्यावर सिंधूचे आकलन अवलंबून आहे.

बालगंधर्वांच्या भूमिकेमुळे ‘एकच प्याला’ ही प्रेक्षकांच्या मनात सिंधूची कहाणी झाली. फाटक्या लुगड्यातली, दळण दळणारी, तक्रारीचा शब्द न काढणारी सिंधू पाहून पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. दारू हेच अनर्थाचे कारण मानले तर ही सहनशीलता नैसर्गिक आपत्तीसमोरची ठरते. महापुराला किंवा दुष्काळाला तोंड द्यावे तसे ती पतीच्या व्यसनाला तोंड देते, आणि तिचे पातिव्रत्य निरपवाद गौरवाचा विषय होते. परंतु कारण सुधाकराच्या कृतींत असेल तर तिच्यासमोर आपत्ती नसून एक माणूस उभा आहे, आणि माणसाला अडवता येते, जाब विचारता येतो. गडकऱ्यांनी तळीरामाची पत्नी गीता हिला सडेतोड बोलणारी केले, ते हा पर्याय दृष्टिआड होऊ नये म्हणूनच, असे मानावयास जागा आहे. नाटकाची अंतर्गत रचना पतीचा अतिरेकी उतावळेपणा आणि पत्नीचा अतिरेकी धीर या दोन टोकांवर तोललेली आहे. एकाला क्षणभर थांबता येत नाही. दुसरीला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही. पहिल्या टोकाला दैव म्हटले की दुसऱ्या टोकाची चिकित्साही थांबते.

याचा अर्थ सुधाकराला केवळ अपराधी ठरवून मोकळे व्हावे असा नाही. तसे केले तर पुन्हा उपदेशनाटकच हाती लागेल. कोर्टात न वाकणारा सुधाकर आपल्याला आवडतो; त्याच्या जागी निमूटपणे अपमान गिळणारा वकील आपल्याला आवडला नसता. त्या प्रसंगापुरते आपण त्याच्या कृतीला ‘साहस’ म्हणतो आणि तिचे परिणाम दिसू लागले की ‘आततायीपणा’. कृती तीच आहे. शोकांतिकेतील करुणा या ओळखीतून येते : ज्या गुणाला आपण टाळी दिली त्यानेच घर मोडले. दैवाने मोडलेल्या घराबद्दल हळहळ वाटते, पण तीत प्रेक्षकाचा स्वतःचा काही वाटा नसतो.

आगरकरांनी १८८३ मध्ये आपल्या भाषांतराच्या नावातून जी दिशा दाखवली, ती मराठी शोकांतिकेच्या निर्मितीने बऱ्याच अंशी स्वीकारली. तिच्या समीक्षेने मात्र ‘नियती’, ‘प्रारब्ध’, ‘व्यसन’ या शब्दांचा आश्रय घेत ती वारंवार सोडली. या नाटकांचे पुनर्वाचन करताना प्रत्येक अनर्थापाशी एक साधा प्रश्न विचारून पाहावा : या क्षणी थांबणे शक्य होते काय, आणि कोणाला? ‘एकच प्याला’मध्ये त्याचे पहिले उत्तर तळीरामाने पुढे केलेल्या पेल्यापाशी सापडत नाही, ते त्याआधी, कोर्टातल्या त्या प्रसंगी सापडते. विवेचनाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.